लॉकहार्टची साक्ष अशी निकालात काढता येणार नाही

जॉर्ज लॉकहार्ट जॅकोबाइट होता, म्हणून इंग्लंड-स्कॉटलंडच्या 1707 च्या विलीनीकरणाबद्दल त्याने जे लिहिले ते गांभीर्याने घेऊ नये, असा निकाल तीनशे वर्षे दिला जातो आहे. निकाल देणारे बदलत गेले. आधी त्याचे राजकीय शत्रू होते, मग त्या शत्रूंचे वंशज आले, मग इतिहासाचे अभ्यासक आले. युक्तिवाद मात्र तोच राहिला: हा माणूस कटवाला, 1688 च्या क्रांतीत गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचा हस्तक, हरलेल्या बाजूचा, तो विजेत्यांवर लाचखोरीचा आरोप करणारच. हा युक्तिवाद मला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवे, कारण प्रश्न एका जमीनदाराच्या अब्रूपुरता नाही. एका देशाने आपली संसद स्वतःच्या हाताने बंद केली ती कशी, याची हकिगत लॉकहार्टची साक्ष वगळली की फार गुळगुळीत होते. शहाण्या माणसांनी दूरवर पाहून शहाणा निर्णय घेतला, एवढेच तिच्यात उरते.

लॉकहार्ट मोठा पुढारी नव्हता, आणि तो मोठा होता असे मी म्हणणारही नाही. 1703 च्या स्कॉटिश संसदेत एडिनबराभोवतीच्या मिडलोदियन परगण्याचा प्रतिनिधी म्हणून तो बसला तेव्हा त्याने विशी नुकतीच ओलांडली होती. वडील सर जॉर्ज लॉकहार्ट हे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे प्रमुख. 31 मार्च 1689 रोजी, ईस्टरच्या रविवारी, चर्चहून घरी परतताना जॉन चीझली नावाच्या माणसाने त्यांना गोळी घालून मारले. चीझलीच्या बायकोमुलांना पोटगी मंजूर केली, हा त्यांचा गुन्हा. मुलाच्या वाट्याला कार्नवाथची जमीन आली, एडिनबराजवळ ड्रायडनची कोळशाची जमीन आली, आणि आईकडून इंग्लंडमधल्या व्हार्टन घराण्याशी नाते आले. हे शेवटचे नाते पुढे फार महत्त्वाचे ठरले.

त्या काळची ओढाताण थोडक्यात अशी. 1603 पासून दोन्ही देशांचा राजा एक होता, संसदा दोन होत्या. 1690 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये पिके लागोपाठ बुडाली, माणसे उपासमारीने मेली. त्याच दशकात पनामाजवळच्या डॅरिएन किनाऱ्यावर वसाहत करायला निघालेल्या कंपनीसाठी स्कॉट लोकांनी 4,00,000 पौंडांचे भागभांडवल लिहून दिले. 1700 पर्यंत वसाहत संपली, जहाजे गेली, माणसे गेली. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींना या लोकांना मदत न करण्याचे हुकूम होते, ही गोष्ट स्कॉटलंड विसरला नाही. राणी ॲननंतर इंग्लंडने ठरवलेला वारस आम्ही घेऊच असे नाही, असे स्कॉटिश संसदेने कायद्यानेच सांगून टाकले. इंग्लंडने 1705 मध्ये उलट कायदा केला. ख्रिसमसपर्यंत वारस मान्य करा किंवा विलीनीकरणाच्या वाटाघाटीला बसा. नाहीतर स्कॉट माणूस इंग्लंडमध्ये परका ठरेल, आणि स्कॉटलंडची गुरे, लिनन आणि कोळसा इंग्लंडच्या बाजारात येणार नाही. ज्या वाटाघाटीला दूरदृष्टीची परिणती म्हणतात तिचा आरंभ या धमकीत आहे.

वाटाघाटीला जाणारे प्रतिनिधी कोण निवडणार, हा मग कळीचा प्रश्न झाला. संसदेने निवडले असते तर मंडळात विरोधकांनाही जागा मिळाली असती. 1 सप्टेंबर 1705 च्या संध्याकाळी काय घडले ते लॉकहार्टने लिहून ठेवले आहे. विरोधी पक्षाचा नेता होता हॅमिल्टनचा ड्यूक. आज हा विषय मतदानाला येणार नाही असा भरवसा त्याने आपल्या माणसांना दिला होता. दिवसभराच्या बैठकीने कंटाळलेले कित्येक सभासद त्या भरवशावर घरी गेले. बाके रिकामी झाल्यावर हॅमिल्टन स्वतःच उठला आणि त्याने ठराव मांडला, की प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार राणीला द्यावा. त्याच्या पक्षाचे बारा-पंधरा जण संतापाने सभागृहाबाहेर धावले, आपला घात झाला असे ओरडत. ठराव मंजूर झाला.

लॉकहार्ट पक्षपाती आहे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. यात गुन्हेगार ठरलेला माणूस इंग्रज नाही, सरकारपक्षाचाही नाही. तो लॉकहार्टचा स्वतःचा नेता आहे. नेत्यावर त्याचा जीव होता हे त्याच्या लेखनात ठायी ठायी दिसते, तरी त्याने हे झाकले नाही. पुढे जानेवारी 1707 मध्ये विरोधकांनी निषेध नोंदवून एकत्र सभात्याग करायचा बेत आखला, आणि नेमक्या त्या सकाळी हॅमिल्टन दाढ दुखते म्हणून घरी बसला. हेही लॉकहार्टनेच नोंदवले. उलट सॉल्टूनचा अँड्र्यू फ्लेचर, ज्याला राजेशाहीचेच वावडे होते आणि ज्याचे स्टुअर्ट घराण्याशी कधी जमणे शक्य नव्हते, त्याचे लॉकहार्टने केलेले व्यक्तिचित्र मनापासूनच्या आदराने भरलेले आहे. निव्वळ पक्षाची वकिली करणारा माणूस असा लिहीत नाही. आपल्या बाजूचे दोष तो लपवतो आणि दुसऱ्या मताच्या माणसाच्या गुणांकडे डोळेझाक करतो.

1706 मध्ये राणीने स्कॉटलंडचे 31 प्रतिनिधी नेमले. जवळजवळ सगळे विलीनीकरणाच्या बाजूचे. एकटा लॉकहार्ट उघड विरोधक, आणि तोही त्यात आला कारण त्याचा मामा थॉमस व्हार्टन हा इंग्लंडच्या व्हिग पक्षातला बडा माणूस होता. भाचा वळेल अशी आशा होती. लॉकहार्टला हे पद नको होते. त्याच्या मित्रांनी त्याला जायला सांगितले: जा, गप्प बस, जे दिसेल ते टिपून ठेव. एप्रिलमध्ये लंडनला व्हाइटहॉलमध्ये बैठका सुरू झाल्या. दोन्ही देशांचे प्रतिनिधी वेगवेगळ्या दालनांत बसत, प्रस्ताव कागदावर लिहून एकमेकांकडे पाठवत. समोरासमोर बसून वाद घालणे जवळपास नव्हतेच. 22 जुलैला मसुद्यावर सह्या झाल्या तेव्हा लॉकहार्टने सही केली नाही. त्याचा हेतू काहीही असो, त्या मंडळात बसून विरोधी डोळ्यांनी सगळे पाहणारा आणि नंतर लिहिणारा स्कॉट हा एकच. त्याची साक्ष काढून टाकली तर उरतात ते फक्त करार करणारे.

त्यांच्या बाजूने लिहिणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस कोण, तर डॅनियल डीफो. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक. 1706 च्या शरदात तो एडिनबरात उतरला तो इंग्लंडचा मंत्री रॉबर्ट हार्ली याचा पगारी हेर म्हणून. व्यापार करायला आलो, अभ्यास करायला आलो, अशा थापा मारत तो संसदेच्या समित्यांपर्यंत पोहोचला, विलीनीकरणाच्या बाजूने पत्रके लिहीत राहिला, आणि 1709 मध्ये त्याने विलीनीकरणाचा जाडजूड इतिहास छापला. तो इतिहास आजही आधारग्रंथ म्हणून वापरला जातो, आणि वापरावाच. त्यात कागदपत्रे आहेत, डोळ्यांनी पाहिलेल्या दंगली आहेत. मला एवढेच विचारायचे आहे, की पगारी हेराचे पुस्तक तपासून वापरता येते तर बिनपगारी कटवाल्याचे का नाही? डीफोला इंग्रज सरकारने पोसले होते. लॉकहार्टला त्याच्या मतांपायी पदे मिळाली नाहीत, तुरुंग मिळाला.

मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा असायला हवा. आपल्या बखरी कोणाच्या तरी आश्रयाने, कोणाच्या तरी बाजूने लिहिल्या गेल्या. राजवाड्यांनी बखरींच्या भोंगळपणावर कठोर टीका केली आणि अस्सल पत्रांचा आग्रह धरला, पण त्यानंतरही अभ्यासकांनी बखरी जाळल्या नाहीत. पत्रांशी ताडून त्यातले टिकेल ते ठेवले. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बान्फ गावचा, कंपनी सरकारचा अधिकारी. त्याच्या ग्रंथावर नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी एकोणिसाव्या शतकातच सडेतोड टीका लिहिली. तरीही डफचे पुस्तक आपण कपाटात ठेवले आहे, कारण लेखकाची बाजू माहीत असणे आणि लेखकाला खोटा ठरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जी शिस्त आपण बखरींना आणि डफला लावतो तीच लॉकहार्टला लावा, इतकीच माझी मागणी आहे. आणि ती लावली की त्याचे पारडे जड होते, कारण त्याने आरोपाबरोबर हिशेबही छापला.

त्या हिशेबाकडे आता नीट पाहू. 1706 च्या शरदात, एडिनबरात करारनाम्यावर कलमवार चर्चा चालू असताना, इंग्लंडच्या खजिन्यातून 20,000 पौंड गुपचूप स्कॉटलंडला आले. वाटणारा होता ग्लासगोचा अर्ल, डेव्हिड बॉइल. यातले 12,325 पौंड राणीचा प्रतिनिधी क्वीन्सबेरीचा ड्यूक याच्याकडे गेले. बाकीची रक्कम तीसेक नावांमध्ये वाटली गेली. मार्चमाँटला 1,104 पौंड 15 शिलिंग 7 पेन्स. ट्वीडेलला 1,000. रॉक्सबर्गला 500. संसदेचे अध्यक्षपद सांभाळणारा चान्सलर सीफिल्ड, त्याला 490. एलिबँकला 50. आणि सरदार बान्फला 11 पौंड 2 शिलिंग. स्कॉटलंडच्या चलनात एका इंग्रज पौंडाचे बारा पौंड होत, म्हणजे बान्फच्या हातात पडले 133 पौंड आणि थोडी चिल्लर. ही यादी लॉकहार्टने एखाद्या गुत्त्यात ऐकलेली नाही. टोरी पक्ष सत्तेवर आल्यावर 1711 मध्ये सरकारी जमाखर्च तपासायला संसदेने जे मंडळ नेमले त्यात तो निवडून गेला. त्या मंडळापुढे ग्लासगोच्या अर्लने शपथेवर सांगितलेला हा तपशील आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, की ही लाच नव्हती, थकलेले पगार होते. स्कॉटलंडचा खजिना रिकामा होता, सरकारी माणसांचे पगार वर्षानुवर्षे तुंबले होते, ते चुकते केले. 1831 मध्ये मार्चमाँट घराण्याचे कागद प्रसिद्ध झाले तेव्हा पूर्वजाच्या बचावासाठी हेच सांगितले गेले, आणि आजही हेच सांगतात. पगार थकले होते हे खरे आहे. मार्चमाँटच्या रकमेतले ते 15 शिलिंग 7 पेन्स पाहिले की कुठल्या तरी जुन्या देण्याचा आकडा पैशापर्यंत जुळवला आहे हेही कळते. कोणी लाच देताना पेन्स मोजत नाही. बान्फची रक्कम तर नुसता प्रवासखर्चही असेल. हे सगळे मी मान्य करतो. पण थकबाकी असलेली माणसे स्कॉटलंडमध्ये शेकड्यांनी होती. नेमकी हीच नावे, नेमक्या याच महिन्यांत का निवडली गेली? रक्कम उजळ माथ्याने द्यायची होती तर गुप्ततेचा एवढा आटापिटा कशासाठी? ही रक्कम कागदोपत्री बोभाटा होईल अशा रीतीने पुढे येऊ नये म्हणून मंत्र्यांची पत्रे गेली, तीही लॉकहार्टने छापली. शिवाय त्याचा सर्वांत धारदार मुद्दा असा, की विलीनीकरणानंतर थकबाकीचे दावे चुकते झाले तेव्हा ही आधी मिळालेली रक्कम वजा झाल्याचे दिसत नाही. पगार असता तर तो दोनदा कसा मिळाला, याला बचावपक्षाकडे समाधानकारक उत्तर नाही.

मुळात थकबाकी ही सबब मला निर्दोष वाटतच नाही. ज्याचे पैसे तुमच्याकडे अडकले आहेत त्याचे मतही तुमच्याकडे अडकलेले असते. वर्षानुवर्षे पैसे अडवून ठेवायचे आणि मतदानाच्या तोंडावर मोकळे करायचे, यात आणि मत विकत घेण्यात काही फरक असेल, पण निष्कलंक राज्यकारभार म्हणावा इतका तो मोठा नाही. आणि मोठी रक्कम तर उघडच ठेवली होती. करारनाम्याच्या पंधराव्या कलमानुसार इंग्लंड स्कॉटलंडला 3,98,085 पौंड 10 शिलिंग देणार होता. त्यातले 2,32,000 पौंडांहून अधिक डॅरिएन कंपनीच्या भागधारकांना, मुद्दल आणि पाच टक्के व्याज धरून. संसदेत दोन्ही बाजूंच्या मध्ये ‘स्क्वाड्रोन’ नावाचा पंचवीसेक मतांचा गट होता. त्यातल्या कित्येकांचे पैसे डॅरिएनमध्ये बुडालेले. हा गट सरकारकडे झुकला आणि तराजू कलला. ऑगस्ट 1707 मध्ये हा पैसा सैन्याच्या बंदोबस्तात गाड्यांमधून एडिनबरात आला तेव्हा लोकांनी गाडीवानांवर दगड फेकले.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत भारदस्त मुद्द्याकडे येतो. क्रिस्टोफर व्हॉटली यांनी 2006 च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की विलीनीकरणाला मत देणारे बरेच जण 1688-89 च्या क्रांतीपासूनच त्या विचाराचे होते. त्या क्रांतीत गादी गमावलेल्या जेम्स राजाच्या राज्यात त्यांनी हद्दपारी भोगली, हॉलंडमध्ये दिवस काढले; कॅथलिक राजा फ्रान्सच्या मदतीने परत येईल ही त्यांची भीती खरी होती. विल्यम फर्ग्युसन आणि पी. डब्ल्यू. जे. रायली यांनी 1970 च्या दशकात सगळे काही स्वार्थावर आणि पैशावर नेऊन ठेवले होते, त्याला हे आवश्यक उत्तर होते. व्हॉटलींचे काम मोलाचे आहे. परंतु त्यातून लॉकहार्ट खोटा ठरत नाही. तत्त्वाने विलीनीकरणाच्या बाजूचे असलेले लोक होते, म्हणून काठावरच्या मतांसाठी पैसा वापरला गेला नाही, असे कसे म्हणता येईल? उलट ज्यांची मते पक्की होती त्यांच्यावर खर्च करायची गरज नव्हती. निकाल काठावरचे ठरवत होते.

आणि संसदेबाहेर काय होते, याबद्दल तर लॉकहार्टची साक्ष एकटी नाही. विलीनीकरणाच्या बाजूने लढलेला, मंडळात त्याच्याबरोबर बसलेला पेनिकुकचा जॉन क्लार्क याने स्वतः कबूल केले, की देशातले निदान तीन-चतुर्थांश लोक या कराराच्या विरुद्ध होते. 23 ऑक्टोबर 1706 च्या रात्री एडिनबराच्या जमावाने माजी नगरप्रमुख सर पॅट्रिक जॉन्स्टन याच्या घरावर हल्ला केला, कारण तो करारावर सही करणाऱ्यांपैकी होता. ग्लासगोत दंगली झाल्या. 20 नोव्हेंबरला डम्फ्रीझच्या भर चौकात करारनाम्याची कलमे जाळली. परगण्यांमधून, नगरांमधून, चर्चच्या मंडळ्यांमधून विरोधाचे अर्ज आले. बाजूचे अर्ज जवळपास आलेच नाहीत. आर्गाइलच्या ड्यूकने हे अर्ज पतंग करायच्या लायकीचे ठरवले. 16 जानेवारी 1707 रोजी करारनामा मंजूर झाला, 110 मतांनी.

हे अटळ होते, लॉकहार्टसारखे लोक काळाच्या आड आले, असे म्हणणाऱ्यांना 1713 हे वर्ष आठवत नाही. विलीनीकरणाला सहा वर्षे झाली होती. त्या वेळी फ्रान्स आणि स्पेनशी चाललेले युद्ध संपेपर्यंत स्कॉटलंडमध्ये माल्टवर कर लावायचा नाही, असे करारनाम्यात लिहिले होते. स्पेनशी तह अजून पुरा झाला नव्हता, तोच वेस्टमिन्स्टरने स्कॉटलंडच्या माल्टवर इंग्लंडइतकाच, बुशेलला सहा पेन्सचा कर लावला. स्कॉटलंडचे बार्ली इंग्लंडच्या मानाने हलके, बिअर लोकांचे रोजचे पेय. हा कर गरिबाच्या घोटावर होता. पाचशेच्या वर इंग्रज सभासदांपुढे स्कॉटलंडचे 45 काय करणार? लॉकहार्टने त्या 45 जणांची बैठक बोलावली. व्हिग, टोरी, जॅकोबाइट सगळे एका दालनात आले आणि विलीनीकरण मोडण्याची मागणी करायचे ठरले. राणीकडे चौघांचे शिष्टमंडळ गेले. त्यात लॉकहार्ट होता, आणि आर्गाइलचा तोच ड्यूक होता. 1 जूनला लॉर्डांच्या सभागृहात विलीनीकरण रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला फिंडलेटरच्या अर्लने. फिंडलेटर म्हणजे कोण? पूर्वीचा सीफिल्ड, करार मंजूर करणाऱ्या संसदेचा चान्सलर, यादीत 490 पौंडांपुढे ज्याचे नाव आहे तो. हजर सभासदांची मते समसमान पडली, गैरहजरांनी मुखत्यारीने दिलेल्या मतांनी प्रस्ताव पडला. फरक होता चार मतांचा. जी गोष्ट चार मतांनी वाचली तिला अटळ म्हणणे हा इतिहासाचा अभ्यास नाही, निकाल लागल्यावर बांधलेला अंदाज आहे.

विलीनीकरणाने पुढे भरभराट आली, हाही दाखला लॉकहार्टविरुद्ध देतात. ग्लासगोचा तंबाखूचा व्यापार, ईस्ट इंडिया कंपनीतल्या नोकऱ्या. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम ही त्याच वाटेने आलेली स्कॉट माणसे. पेशवाईचा शेवट आणि त्यानंतरचा कारभार मराठी माणसाने त्यांच्याच हातून पाहिला. पण हे सगळे दोन-तीन पिढ्यांनंतरचे. 1707 मध्ये मत देणाऱ्याला ते दिसत नव्हते, आणि 1713 मध्ये कर भरणाऱ्याला तर नाहीच. नातवाच्या नोकरीने आजोबाच्या मताचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही.

इतके सांगितल्यावर त्याच्या दोषांवर पांघरूण घालायची मला इच्छा नाही, आणि त्याला स्वातंत्र्यवीर करून पुतळ्यावर बसवणाऱ्यांशीही माझे तितकेच भांडण आहे. लॉकहार्ट ज्या स्कॉटलंडसाठी हळहळत होता त्यात त्याच्या स्वतःच्या खाणीतला मजूर नव्हता. 1606 च्या कायद्याने स्कॉटलंडचे कोळसा कामगार मालकाच्या खाणीशी बांधलेले होते. परवानगीशिवाय निघून गेले तर चोर म्हणून धरून आणता येत. ही वेठ संपायला 1775 आणि 1799 चे कायदे लागले. विलीनीकरणाच्या करारात जमीनदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार राखून ठेवले गेले, आणि त्या एका बाबतीत लॉकहार्टच्या वर्गाने काही गमावले नाही. वेस्टमिन्स्टरमध्ये बसण्यासाठी लागणाऱ्या शपथा त्याने घेतल्या आणि त्याच वेळी दुसऱ्या राजासाठी काम केले. 1712 मध्ये एपिस्कोपल पंथीयांना मोकळीक देणाऱ्या कायद्यासाठी तो पुढे होता. प्रेस्बिटेरियन चर्चला विलीनीकरणाच्या वेळी दिलेल्या हमीची त्याला पर्वा नव्हती.

मात्र निष्ठेची कसोटी लावायची तर ती सगळ्यांना लावा. 1706 मध्ये करारासाठी राबलेला मंत्री म्हणजे मारचा अर्ल. 6 सप्टेंबर 1715 रोजी ब्रेमारला स्टुअर्ट राजाचा झेंडा उभारून बंड पुकारणारा माणूसही हाच. सीफिल्डचे वर सांगितलेच, आर्गाइलचेही. लॉकहार्ट 1703 मध्ये ज्या बाजूला होता त्याच बाजूला शेवटपर्यंत राहिला. 1715 च्या बंडात तो एडिनबराच्या किल्ल्यात कैदेत पडला. धाकटा भाऊ फिलिप प्रेस्टनला पकडला गेला. लष्करी न्यायालयाने त्याला गोळी घालण्याची शिक्षा दिली आणि ती अमलात आली. सुटल्यावर लॉकहार्ट पुन्हा परागंदा राजाचा स्कॉटलंडमधला विश्वासू म्हणून पत्रे लिहीत राहिला. 1727 मध्ये पत्रे पकडली गेली, तो हॉलंडला पळाला, वर्षभराने परवानगी घेऊन परतला, राजकारण सोडले, आणि डिसेंबर 1731 मध्ये एका द्वंद्वात मारला गेला. डॅनियल सेची यांनी त्याची पत्रे आणि आठवणी संपादित केल्या, त्याचे चरित्र लिहिले. त्यातून दिसतो तो हट्टी, तापट, कधीकधी क्रूर माणूस. पण मनगढंत लिहिणारा माणूस दिसत नाही.

रॉबर्ट बर्न्सने 1791 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध गाण्यामुळे सगळी स्कॉटिश संसदच सोन्याच्या मोबदल्यात विकली गेली, असा समज लोकांत रुजला. लॉकहार्टच्या यादीतून तसे निघत नाही. 110 मते बाजूने पडली आणि यादीत तीसच्या घरात नावे आहेत. त्यातही ॲथॉलच्या ड्यूकपुढे 1,000 पौंड आहेत आणि तो विलीनीकरणाच्या विरुद्ध राहिला. लॉकहार्टला खोटेच रचायचे असते तर ॲथॉलचे नाव त्याने गाळले असते, बान्फचे 11 पौंड फुगवले असते. ही यादी त्याने प्रचारासाठी बाजारात आणलेलीही नाही. त्याच्या आठवणींची नक्कल एका मित्राकडून बाहेर पडली आणि 1714 मध्ये त्याच्या परवानगीशिवाय छापली गेली, ती विरोधी पक्षाच्या सर डेव्हिड डॅलरिंपलच्या प्रस्तावनेसह. त्या वेळी क्वीन्सबेरी वारला होता, पण ग्लासगोचा अर्ल जिवंत होता, मार्चमाँट जिवंत होता, सीफिल्ड जिवंत होता. पैसे मिळालेच नाहीत, असे सिद्ध करून त्यांनी यादी खोटी पाडली नाही. पैसे कशाचे होते एवढाच वाद घातला. लॉकहार्टला खोटा म्हणणाऱ्याने आधी त्या यादीतली कुठली ओळ खोटी आहे ते दाखवावे, आणि ग्लासगोच्या अर्लने शपथेवर दिलेल्या जबानीचे काय करायचे तेही सांगावे.